मुहूर्ताआधीची टाळी

माझा नवरा लग्नांचं शूटिंग करतो आणि मी ते एडिट करते. महाल भागातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटर आहे, आणि आमच्या संसारातली बहुतेक भांडणं त्याच खोलीत, टाइमकोडवरून झालेली आहेत.

टाइमकोड म्हणजे व्हिडिओतल्या प्रत्येक चित्राला चिकटलेला वेळेचा आकडा. तास, मिनिटं, सेकंद आणि त्या सेकंदातलं कितवं चित्र. सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं सारखी असली की एकाच क्षणाची वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेली दृश्यं सॉफ्टवेअरमध्ये आपोआप एकाखाली एक येऊन बसतात. आमची कधी बसत नसत. एका कॅमेऱ्याची बॅटरी बदलली की त्याचं घड्याळ शून्यावर जाई. दुसरा खोक्यातून निघाला तेव्हापासून कुठल्यातरी परदेशातली वेळ दाखवत होता. तिसरा बरोबर होता, पण तो कोणता हे नवऱ्याला आठवत नसे. मग मी आवाजावरून जुळवायला जाई, तर स्टेजवरच्या कॅमेऱ्यात भटजी आणि दाराजवळच्या कॅमेऱ्यात नुसता बँड. सॉफ्टवेअर तरी काय करणार? एकदा त्याने मंगलाष्टकं वरातीला जोडून दिली. भटजी ठेक्यात म्हणताहेत आणि नवरदेवाचे मित्र रुमाल दातात धरून नाचताहेत.

“अहो, घड्याळं लावायला असा किती वेळ लागते?” मी विचारायची.

“तिथं लोकं डोकं खाऊन राहिले असतात वं. घड्याळं कधी लावू?”

“मग एक टाळी तरी वाजवा. सगळ्या कॅमेऱ्यांत दिसली पाहिजे. हात जुळले ते चित्र आणि टाळीचा आवाज पकडून मी सगळं जुळवते.”

“भर मांडवात टाळी? मले लाज वाटते.”

शेवटी सक्करदऱ्याकडच्या एका कार्यालयातल्या लग्नाला मी स्वतः गेले. त्या लग्नाची सूत्रं नवरीच्या थोरल्या काकांकडे होती. काका निवृत्त हेडमास्तर. आमच्याकडे मुहूर्त टळला नाही तर लग्न झाल्यासारखं वाटत नाही, पण काकांनी जाहीर करून टाकलं होतं, “हे लग्न मुहूर्तावर लागणार. मिनिट इकडं नाही, मिनिट तिकडं नाही.” ते मनगट छातीशी धरूनच फिरत होते. मला ते फार आवडले. वेळेची कदर असलेला माणूस मला किती वर्षांनी भेटत होता!

मी कार्यालयातल्या घड्याळाप्रमाणे तिन्ही कॅमेऱ्यांची वेळ लावली. तरी बॅटरीचा भरवसा नव्हता, म्हणून नवऱ्याला बजावलं, “मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी स्टेजच्या मधोमध उभं राहून एक टाळी. मोठी. हात वर करून.”

“हो ना, माहीत आहे,” तो म्हणाला, आणि विसरला.

त्याला आठवण झाली ती तिसऱ्या मंगलाष्टकात. मधे आंतरपाट, एका बाजूला नवरी, दुसऱ्या बाजूला नवरदेव, दोघांच्या हातात हार, पाहुण्यांच्या मुठीत अक्षता. मी दाराजवळच्या कॅमेऱ्यामागे होते. तिथून मला दिसलं, की माझा नवरा कॅमेरा स्टँडवर ठेवून पुढे आला. त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. मी जोरजोरात नाही-नाही म्हणून हात हलवला. त्याला वाटलं, मी “आणखी वर” म्हणतेय. त्याने दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि अशी टाळी हाणली, की लहानपणी कबड्डी खेळलेला माणूस लगेच ओळखू यावा.

आता बँडवाल्यांची रीत अशी, की लग्न लागलं की स्टेजवरून कुणीतरी हात वर करून खूण करतो. बँडमास्तर तेवढ्यासाठीच टक लावून बसलेला होता. हात वर गेलेले त्याने पाहिले आणि ट्रम्पेट सुटलं. ट्रम्पेट ऐकून पाहुण्यांनी उरलेल्या सगळ्या अक्षता उधळल्या आणि टाळ्यांचा गजर केला. गजर ऐकून दोन्ही मामांनी आंतरपाट सोडला. समोर नवरदेव दिसला तशी नवरीला हसू फुटलं, आणि हसता हसताच तिने त्याच्या गळ्यात हार घालून टाकला. भटजींचं तोंड ओळीच्या मधेच उघडं राहिलं होतं.

“अहो, थांबवा! अजून लग्न लागलं नाही!” ते माइकवर ओरडले. बँडपुढे कोण ऐकतो? मागच्या रांगांतले लोक तर उठून जेवणाकडे निघालेसुद्धा.

बँड थांबला तेव्हा माझा नवरा स्टेजवर तसाच उभा होता.

“टाळी कोणं वाजवली?” काकांनी विचारलं.

“कॅमेऱ्यासाठी होती जी,” नवरा म्हणाला.

“कॅमेऱ्याचं लग्न आहे काय इथं?”

काकांनी घड्याळ पाहिलं. मुहूर्ताला अजून अवकाश होता. आमच्या भागात वेळेच्या आधी लागलेलं लग्न कुणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यावर उपाय काय हेही कुणाला माहीत नव्हतं. भटजी म्हणाले, “पुन्हा करू. पहिलं धरायचं नाही.” नवरदेवाच्या गळ्यातला हार काढून परत नवरीच्या हातात दिला. आंतरपाट पुन्हा धरला. अक्षता संपल्या होत्या, तर नवरीची आत्या स्वयंपाकघरातून परात भरून तांदूळ घेऊन आली. कुंकू लावायला वेळ नव्हता, पांढरेच वाटून टाकले. सगळं झालं, पण जेवायला बसलेले लोक काही परत आले नाहीत. त्यांच्या पानात कोथिंबीर भरलेली गरम सांबारवडी पडली होती. मुहूर्तावर लग्न लागलं ते अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांपुढे, आणि दुसऱ्या वेळी नवरी परीक्षेला बसल्यासारखी गंभीर होती.

एडिटिंगला बसले तेव्हा कॅमेरे प्रथमच इतके सुरेख जुळले होते, की मला भरून आलं. मी ठरवलं, चित्र पहिल्या लग्नाचं घ्यायचं आणि मंगलाष्टकं दुसऱ्या लग्नाची. भरलेला मांडव आणि हसरी नवरी. तपासणीसाठी नवरीच्या घरच्यांना प्रत पाठवली. अशा प्रतीत कोपऱ्यात टाइमकोड दिसत ठेवतात, म्हणजे “या आकड्याला मावशी नको” असं त्यांना सांगता येतं.

काकांनी तो आकडा वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात.

“हे पाहा,” ते म्हणाले, “तुमच्या व्हिडिओत लग्न मुहूर्ताच्या आधी लागून राहिलं. कोपऱ्यात वेळ लिहिली आहे. लोकांले काय सांगू?”

नवरा चहा करायला आत गेला.

मी काकांना खुर्ची दिली आणि दुसरं लग्न लावून दाखवलं. आकडा अगदी मुहूर्ताचा. काकांनी रिकाम्या खुर्च्या पाहिल्या, पुतणीचा ताठ चेहरा पाहिला. मग मी पहिलं लावलं. टाळी, ट्रम्पेट, अक्षता, हसणारी नवरी. आणि डाव्या कोपऱ्यात खुद्द काका. घड्याळाचा हात घड्याळासकट वर, मुठी भरभरून अक्षता उधळताहेत, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

“हा मी आहे?”

“हो जी.”

“मी वेळ नाही पाहिली काय तेव्हा?”

“बँड थांबल्यावर पाहिली.”

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग अजून एकदा. चष्मा काढून पुसला.

“हेच राहू द्या,” ते म्हणाले. “तो आकडा तेवढा काढून टाका.”

आकडा शेवटच्या प्रतीत नसतोच, पण मी सांगितलं नाही. “काढते,” म्हटलं. आतून नवऱ्याने डोकावून विचारलं, चहात साखर किती. काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“दोन चमचे,” ते म्हणाले, “आणि बाहेर येऊन बसा गा. चहा घ्या माझ्यासोबत.”