पाठीवरचा ढ

परभणीतल्या त्या प्रशिक्षणाची आठवण निघाली की सगळ्यात आधी मला छतावर हलणारा उजेड दिसतो. मे महिन्यातली दुपार होती. खिडक्यांना ओली पोती बांधलेली, एकच खिडकी उघडी, आणि सतरंजीवर बसलेल्या आम्हा शिक्षकांच्या हातात एकेक छोटा आरसा. त्या एका खिडकीतून आलेलं ऊन आरशांवर पडून छतभर कवडसे झाले होते. पाण्याच्या तळाशी बसून वर पाहावं, तसं वाटत होतं.

आम्हाला शिकवायला पुण्याहून एक वयस्क बाई आल्या होत्या. पांढरं पातळ, आवाज इतका हळू की शेवटच्या रांगेला पुढे सरकावं लागे. शिकताना ज्या मुलांचं पाऊल अडखळतं, त्यांना कसं शिकवायचं, हा त्यांचा विषय होता. त्या म्हणाल्या, "आता कागदाकडे बघायचं नाही. आरशात बघून आपलं नाव लिहा."

मी पेन्सिल टेकवली आणि हात थांबला. वर न्यावा तर आरशात तो खाली पळे. लहानपणापासून गिरवलेलं माझं नाव मला लिहिता येईना. आजूबाजूला आधी हसू उठलं, मग एकेकाची पेन्सिल अडली. साखऱ्याकडचे एक म्हातारे गुरुजी तेवढे म्हणाले, "बाई, आता छडी कुणी कुणाला मारायची ते तरी सांगा!"

बाई हसल्या. म्हणाल्या, "काही मुलांना रोज असंच दिसतं, गुरुजी. तुम्ही आरसा खाली ठेवू शकता, त्यांना ठेवता येत नाही." आणि मग, फळ्यावर काहीही न लिहिता, "मूल काय चुकतं ते सगळेच बघतात. काय चुकत नाही, ते शोधा. सुरुवात तिथून करा. आणि ढ हे अक्षर आहे. ते कुठल्या मुलाचं नाव नाही."

हे शेवटचं वाक्य मी मनात धरून परत आले.

दुष्काळाची वर्षं तेव्हा नुकतीच मागे पडली होती. मी कुरुंद्याची. आई दुसऱ्यांच्या शेतात हळद काढायला, शिजवायला जायची. घरात शिरली की तिच्या आधी हळदीचा वास यायचा. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. पदवीचा कागद आईनं दोन्ही हातांनी, नेमका उलटा धरला आणि किती तरी वेळ पाहत राहिली. मी तो सरळ करून दिला नाही. तिला तो तसाच सुंदर दिसत होता. मला शिकवणाऱ्या प्रत्येक माणसाचं माझ्यावर देणं आहे, असं मला तेव्हा वाटायचं, आजही वाटतं.

नोकरी लागली ती सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याकाठच्या एका गावात. शाळेच्या ओसरीवरून पाणी दिसायचं. सकाळी पलीकडचा डोंगर पाण्यात उलटा उभा असे, आणि मासे धरणाऱ्यांची होडी त्याच्या शेंड्यावरून जात असे. बाराखडी चालू असली तरी माझं लक्ष कधी कधी तिकडे जाई.

तिसरीच्या वर्गात एक पोरगी होती. धनगराच्या घरातली, तिसरीत दुसऱ्यांदा बसलेली. तोंडी विचारलं तर पाढे म्हणायची, कळपातली कोणती शेळी कधी व्यायली ते सांगायची. पण पाटी हातात दिली की क उलटा, ग उलटा, ओळीची सुरुवातही उजव्या टोकाकडून. हेडमास्तर निजामाच्या काळात उर्दू शिकलेले. तिची पाटी बघून ते म्हणायचे, "बाई, ही पोरगी उशिरा जन्मली. तेव्हा असती तर उर्दूत पयली आली असती बराबर!" त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, पण वर्ग हसायचा आणि ती पाटी छातीशी धरून बसायची.

मी तिला एकदा जवळ घेऊन विचारलं, "तुला ही अक्षरं कशी दिसतात गं?"

तिनं पाण्याकडे पाहिलं. "हालतेत, बाई. पाण्यात दिसतेत तशी."

मी आरसा हातात धरून बसले होते ती दुपार मला आठवली.

पावसाळा सरता सरता तिचा बाप शाळेत आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. ओसरीच्या खालीच उभा राहिला.

"बाई, पोरीचं नाव काढून टाका."

"काहून?" माझ्याही तोंडून आमच्याच बोलीत निघालं.

"काहून म्हंजी? दोन वर्सं झाली, काय येऊन राहिलं तिला? दिवाळी झाली की मेंढरं घेऊन नदीकडं उतरायचं हाय मला. लेकरं वळायला माणूस पायजे."

"लेकरं?"

"कोकरं, बाई. आमाला ती बी लेकरंच."

मी म्हटलं, "दिवाळीपर्यंत तरी थांबा." तो काठीनं माती उकरत राहिला. मग एकदम म्हणाला, "यष्टीची पाटी वाचायला आली ना तिला, तरी लई झालं. मागं बोकड घेऊन औंढ्याला निघालो अन् जिंतूरला उतरलो. कुणाला इचारावं तर हसतेत. बोकड बी वरडून राहिला, मी बी." हे सांगताना तोही हसला, पण डोळे खालीच होते. "औंढ्याची पाटी वाचू द्या तिला दिवाळीच्या बाजाराला. वाचली तर नाव राहू द्या. न्हाई तर न्हाई."

तो गेला. हेडमास्तर आतून म्हणाले, "बाई, प्रशिक्षणाचं वारं हाय हे. थंडी पडली की उतरतं." ती पोरगी दाराच्या आड उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

पुढचे दिवस मला नीट सुटे सुटे आठवत नाहीत. धुक्यातून एखादं झाड दिसावं आणि पुन्हा जावं, तसे येतात. मी तिला रेतीत गिरवायला लावलं. चिंचोक्यांनी अक्षरं मांडली. रेतीतली अक्षरं उलटी व्हायची, चिंचोक्यांचीही. मी पुण्याच्या बाईंचं वाक्य मनात म्हणत राहायचे: काय चुकत नाही? तिचं तर सगळंच चुकत होतं.

एका दुपारी मी तिला म्हटलं, "मी काही सांगत नाही. तुला जे येतं ते काढ."

तिनं पाटी पुसली. थुंकी लावून पुन्हा पुसली. आणि डोळे मिटून एक अक्षर काढलं. सरळ, गोल, कुठेही न अडखळता काढलेला ढ.

मी पाटी हातात घेऊन बघतच राहिले. "हा कुणी शिकवला तुला?"

"कुणी न्हाई. पोरी काढतेत ना पाठीवर."

मग कळलं. प्रार्थनेला मुली एकामागे एक उभ्या राहत. तिच्या मागच्या मुली बोटानं तिच्या पाठीवर ढ काढायच्या आणि खुदखुदायच्या. रोज. डोळ्यांना जे अक्षर हलताना दिसत होतं, ते पाठीला पक्कं ठाऊक झालं होतं. मी मनातल्या मनात तिच्या मागे उभी राहून पाहिलं. पाठीवर काढलेलं अक्षर उलटं होत नाही. काढणारी आणि जिच्या पाठीवर काढायचं ती, दोघींची तोंडं एकाच दिशेला असतात. तिथे आरसाच नसतो.

मी त्या मुलींना रागावले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनाच बोलावलं आणि म्हटलं, "ढ तिला येतो. आता दुसरं काढा."

त्यांची तोंडं आधी उतरली. मग एकीनं भीत भीत तिच्या पाठीवर ग काढला. ती डोळे मिटून उभी. "ग," ती म्हणाली, आणि पाटीवर सरळ ग काढला. त्यानंतर तो खेळच झाला. मधल्या सुटीत ओसरीवर मुलींची रांग बसायची, प्रत्येकीचं बोट पुढच्या पाठीवर. "ओळख!" "घ!" "न्हाई, ध!" "तुझं बोटच वाकडं, म्या काय करू!" पलीकडे पाणी लखलखत असे. पाठीवरून ती हळूहळू तळहातावर आली. पुस्तकातलं अक्षर हलायला लागलं की ती मूठ उघडायची, उजव्या बोटानं तळहातावर गिरवायची आणि मगच तोंड उघडायची. हळू वाचायची. खूप हळू. काही दिवस कालचं सगळं आज विसरलेली असायची. अशा दिवशी हेडमास्तर माझ्याकडे पाहायचे आणि काही बोलायचे नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

दिवाळीच्या सुटीला मी कुरुंद्याला निघाले. औंढ्याला गाडी बदलायची होती. फाट्यावर लिंबाखाली बापलेक आधीच येऊन थांबले होते. बापानं धुतलेलं धोतर नेसलं होतं, पोरीच्या केसांना तेल चापून लावलेलं. आज कशाची परीक्षा आहे ते तिघांनाही माहीत होतं. ज्वारीवरून वारा येत होता.

पहिली गाडी आली. बापानं पोरीकडे पाहिलं. तिनं मूठ उघडली, तळहातावर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"ही न्हाई."

गाडी हिंगोलीची होती. मी मान खाली घालून पदराशी चाळा करत राहिले. माझ्या तोंडावरून तिला काही कळू नये म्हणून.

दुसरी गाडी आली ती धुळीचा लोट घेऊनच. लोक दाराला लोंबले. पोरीनं पाटीकडे पाहिलं आणि मूठ उघडलीच नाही. तिचा सगळा चेहरा हसला.

"बाई, ह्याच्यात माजं अक्षर हाय!"

बाप म्हणाला, "पण गाडी कुठली?"

तिनं उलटीकडून सुरुवात केली. आधी शेवटचं. "ढ... ढा." मग पहिल्या अक्षराशी अडली. तिथे काना, मात्रा, वर टिंब, सगळी गर्दी होती. आता मूठ उघडली. बोट तळहातावर फिरू लागलं.

कंडक्टर ओरडला, "ओ मामा! चढता का पाटीच बघत उभं राहता?"

आणि तो माणूस, जो कुणाला गाडी विचारायलाही लाजत होता, सगळ्या गाडीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "थांबा ना साहेब! लेकरू वाचून राहिलं!"

कंडक्टरनं दोरीवरचा हात खाली घेतला. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. "औ," ती म्हणाली. मग टिंबाकडे पाहून, "औं... औंढा. आबा, औंढा!"

आम्ही चढलो. बाप मागच्या दारापाशी दांडा धरून उभा राहिला. मला पुढच्या बाकावर जागा मिळाली आणि ती माझ्या मागे बसली. गाडी खड्ड्यांतून चालली होती, धुळीत ऊन पिवळं झालं होतं, आईच्या हळदीच्या हातांसारखं. मग मागून बापाचा आवाज आला, गाडीच्या खडखडाटात जेमतेम पोचेल इतका.

"बाई, नाव राहू द्या."

मी मान हलवली. मागे वळून पाहिलं नाही. एवढ्यात माझ्या पाठीवर एक लहानसं बोट टेकलं. खाली आलं, वळलं, गोल फिरलं. गाडीच्या धक्क्यानं मध्येच घसरलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

"ओळखा, बाई."

मी डोळे मिटले. आपल्यालाच ढ म्हणून घेताना इतकं हसू मला त्याआधी कधी आलं नव्हतं.