'बसून' असलेली लतिका

लतिका काय करते, असं कुणी विचारलं की तिचा नवरा सिद्धेश सांगायचा, "घरी बसून आहे." चार वर्षं मी हे वाक्य ऐकलं आणि दर वेळी माझं डोकं फिरलं. स्वयंपाक, धुणी, मंडळाच्या गणपतीची आरास, याच्या ऑफिसातल्या लोकांची जेवणं, हे सगळं ती बहुधा बसल्या बसल्याच उरकत असावी.

लतिका आर्किटेक्ट. पुण्याच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. तिची ड्रॉइंग्ज पाहायला सीनियर मुलं यायची. लग्न होऊन ती ओहायोतल्या डब्लिनला आली, ती नवऱ्याच्या व्हिसाला जोडून. त्या व्हिसावर आलेल्या बायकोने इथे नोकरी करायची नाही, असा कायदा. कायदा करणाऱ्यापर्यंत माझ्या शिव्या पोचत नाहीत, म्हणून त्या सिद्धेशच्या वाट्याला येतात. "छंद म्हणून काहीतरी कर ना," असं तिला फोनवर सांगणारी मीच होते, याचाही मला राग आहे. ती मात्र पर्समध्ये मोजपट्टी ठेवायची. भाजी आणायला जातानासुद्धा.

२००५च्या एप्रिलमध्ये मी शिकागोहून तिच्याकडे गेले आणि हट्टाने दोघांना क्लीव्हलंडजवळच्या एका छोट्या म्युझियममध्ये नेलं. क्राल नावाच्या चेक म्हाताऱ्याने राहत्या घराच्या खालच्या मजल्यावर क्यूबिस्ट वस्तू मांडल्या होत्या. प्रागच्या इमारतींचे आराखडे, कंगोऱ्यांची कॉफीची भांडी आणि अंगभर तिरपे कोन काढलेल्या खुर्च्या. प्रत्येक खुर्चीवर पाटी, 'बसू नये'.

"बसणार तरी कोण यार, टोचेल ना," सिद्धेश म्हणाला.

लतिका एका खुर्चीपाशी थांबली. वाकली, मागून पाहिलं, मोजपट्टी काढली. मग क्रालला म्हणाली, हिच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांची अदलाबदल झाली आहे, म्हणून हे उतार मागे एका रेषेत मिळत नाहीत. म्हाताऱ्याने चष्मा लावून खुर्ची उलटी केली. खाली सुताराने पेन्सिलने केलेल्या डाव्या-उजव्याच्या खुणा होत्या, त्या उलट्या बाजूंना. लतिकाचं बरोबर होतं, आणि तीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाच्याही हे लक्षात आलं नव्हतं.

"तुम्ही काय करता?" क्रालने इंग्रजीत विचारलं.

तिने तोंड उघडायच्या आत सिद्धेश म्हणाला, "शी इज ॲट होम."

म्हाताऱ्याने तिकडे लक्षच दिलं नाही. त्याला सगळ्या फर्निचरची मोजून ड्रॉइंग्ज करून हवी होती. नोकरी कराल का, त्याने लतिकाला विचारलं. व्हिसा अलाउ करत नाही, हेही उत्तर सिद्धेशनेच दिलं. मग आठवड्यातून एक दिवस, बिनपगारी आलात तरी चालेल, क्राल म्हणाला. लतिकाच्या चेहऱ्यावर कॉलेजातला रंग आलेला मी पाहिला.

"फुकट कशाला?" सिद्धेश मराठीत म्हणाला. "दोन तास ड्राइव्ह करून कोण येणार? टाइमपासला आपलं मंडळ आहे की."

टाइमपास. मी तोंड उघडणारच होते, पण लतिकाने माझा हात दाबला. ती क्रालकडे वळून म्हणाली, "मी दर शनिवारी येईन. गाडी मला चालवता येते. आता कागद आणि पेन्सिल द्या."

आणि ती उभ्या उभ्याच त्या खुर्चीचं ड्रॉइंग करायला लागली.

दीड तास झाला. सिद्धेशने म्युझियमला चार फेऱ्या मारल्या होत्या. टेकायला एक जागा नव्हती. होत्या त्या सगळ्या खुर्च्यांवर पाट्या.

"लतिका, अजून किती वेळ? पाय दुखायला लागले माझे."

तिने कागदावरून मान वर केली नाही. "चार वर्षं मी बसून होते ना, सिद्धेश? आज तू उभा राहा."