चेंडू सुटेपर्यंत खटका बंद नाही

एझेल पुरिफॉय शाळेच्या संघात चार वर्षं अमेरिकन फुटबॉल, म्हणजे चेंडू हाताने फेकायचा आणि झेलायचा खेळ, खेळला आणि चेंडूला त्याचा हात कधी लागला नाही, हे ऐकून कुणालाही थाप वाटेल. पण तो होता गार्ड. गार्डाने रांगेत वाकून उभं राहायचं आणि समोरून येणारा रेडा अंगावर घ्यायचा. मागे चेंडू फेकणारा असतो, तो संघाचा नवरदेव. त्याला फेकायला उसंत मिळावी म्हणून ही सगळी मरमर. लोरेन गावच्या त्या संघाचा नवरदेव होता क्लोव्हिस टेटम. पुढे क्लोव्हिसने केस कापायचं दुकान काढलं, एझेल बसगाड्या दुरुस्त करायला लागला, दोघांचेही केस पिकले, आणि दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात, तळलेल्या माशांच्या घमघमाटात, दोघं विजेच्या पाटावर फुटबॉल खेळू लागले.

पाट म्हणजे पत्र्याचं मैदान. खटका दाबला की पत्रा घोंघों करत थरथरतो आणि बोटाएवढे प्लास्टिकचे गडी आपले आपण चालू लागतात. गड्याच्या बुडाखाली फणीच्या दातांसारखे बारीक पाय. चिमट्याने ते नीट वाकवले तर गडी सरळ जातो, नाहीतर खुळ्या कोंबडीसारखा स्वतःभोवती गिरक्या घेतो.

सगळं झकास होतं, पण चेंडू फेकायचा तिथला नियम भलताच लाडावलेला. खटका बंद करायचा, सगळे गडी थिजणार, मग फेकणाऱ्या गड्याच्या स्प्रिंगच्या हाताने मसुरीएवढा चेंडू नेम धरून उडवायचा. आपल्या गड्याला लागला की झेलला. क्लोव्हिस तर नेम धरता धरता अख्खा मासा काट्यासकट साफ करायचा.

एझेलच्या जिवाला ते लागे. "खऱ्या मैदानावर तुझं जेवण होईपर्यंत कोण थांबलं असतं रे? चेंडू सुटेपर्यंत खटका चालू राहू दे. त्याआधी माझा गडी तुझ्या फेकणाऱ्याला शिवला, तर तू आडवा, फेक बाद!"

"एझेल, हा खेळ आहे, बसचं इंजिन नव्हे. दर शुक्रवारी काय उघडून बसतोस?"

मंडळी खो खो हसत. एझेल मात्र हटून बसला. त्याच्या नियमाने खेळायचं तर पुढची रांग टिकली पाहिजे. मग हिवाळाभर तो त्यामागे लागला. बायको अर्नेस्टीन एकदा स्वयंपाकघरात आली तर चुलीवर पातेलं.

"काय शिजतंय?"

"गार्ड. गरम पाण्यात पाय मऊ पडतात, मग हवे तसे वळतात."

"मी भेंडी शिजवायची त्या पातेल्यात? लग्नाआधी सांगितलं असतंस तर मी पोस्टमनला हो म्हटलं असतं!"

शेवटी क्लोव्हिसच कंटाळला. "चल, तुझ्या नियमाने एक सामना. जिंकलास तर सगळे तसंच खेळतील. हरलास तर नियमाचा न सुद्धा तोंडातून काढायचा नाही."

"कबूल," एझेल म्हणाला. पलीकडे मासे तळणारी अर्नेस्टीन पुटपुटली, "मग हा बोलणार तरी काय?"

त्या शुक्रवारी तळघरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. आणि सामना काय रंगला म्हणता! घोंघों चालूच, क्लोव्हिसचा नेम धरेपर्यंत एझेलचे गडी त्याच्या अंगाशी. नवरदेव दोनदा आडवा झाला. तरी क्लोव्हिस मुरलेला खेळाडू, शेवटच्या डावापर्यंत थोडासा पुढे राहिला. एझेलला आता एकच फेक उरली. रांग थरथरत उभी होती. त्याने स्प्रिंग दाबली, चेंडू उडाला आणि पार टोकाच्या गड्याच्या छातीवर टपकन आदळला.

तळघर उसळलं. क्लोव्हिसने हात वर केले. "जिंकलास बाबा!"

एझेल पाटावरच वाकून बघत होता. "नाही. माझा डावा गार्ड वळला. चेंडू सुटायच्या आधीच तुझा गडी माझ्या फेकणाऱ्याला शिवला."

"कुणी पाहिलं? आम्ही सगळे चेंडूकडे बघत होतो."

"सगळे चेंडूकडेच बघतात. गार्ड रांगेकडे बघतो. मी हरलो."

आणि तो गप्प बसला. अगदी शब्दाला जागून. पुढच्या शुक्रवारी क्लोव्हिस दुसऱ्याशी खेळायला बसला. एझेल भिंतीला टेकून, ओठ शिवल्यासारखा. समोरच्याने सवयीने खटक्याकडे हात नेला.

क्लोव्हिसने तो हात धरला. "चालू राहू दे."

"अरे, पण तो तर हरला ना? जुनाच नियम..."

"माझ्या दुकानातला फोटो पाहिलायस? शाळेतल्या शेवटच्या सामन्यानंतरचा. सगळा संघ चिखलात लोळल्यासारखा, आणि माझा सदरा धोब्याकडून आणल्यासारखा पांढरा. इतकी वर्षं मला वाटायचं, आपण काय चपळ होतो! परवा या पाटावर दोनदा आडवा झालो तेव्हा कळलं, तो सदरा कोणी पांढरा ठेवला ते." तो वळला. "एझेल, तोंड उघड. तुझ्या नियमात अजून काय काय आहे?"

एझेलने घसा खाकरला. अर्नेस्टीनने कपाळावर हात मारला आणि माशांची पुढची परात तळायला टाकली.

"पहिली गोष्ट," एझेल खुर्ची ओढत म्हणाला, "मागून शिवलं तर तो गडी पाडला म्हणायचं की नाही, ते आज ठरवूनच घरी जायचं."