मोकळ्या हातांचा फोटो

मुक्ते, ये अशी जवळ, ओसरीच्या या कडेला टेक, जिथं सकाळचं ऊन सगळ्यात आधी उतरतं, आणि आधी माझी बोलणी खाऊन घे. एवढा देखणा कॅमेरा, फुगेवाल्या प्लास्टिकात तान्ह्या लेकरासारखा गुंडाळून, कुरियरवाल्याच्या हाती पाठवतात होय गं? पाठवलास तो पाठवलास, वर फोनवर विचारतेस की जुना बरा की नवा, वापरून सांग. आणि जाता जाता म्हणतेस, आज्जीचा एक छान फोटो काढून पाठव. तू समोर नाहीस, तरी बसली आहेस असं धरून बोलते. एकटीनं राहणाऱ्या बाईला ही सवय होतेच.

जुना कॅमेरा अजून कपाटात आहे, कापराच्या दोन वड्या घालून ठेवलेला. उघडला की कापूर, जुनं चामडं आणि किंचित लोखंड असा एक गंध येतो, आणि त्या गंधामागून स्टँडाजवळचा आमचा स्टुडिओ सगळाच्या सगळा उभा राहतो. रीळ भरायचे दिवस संपले तेव्हा ह्यांनी तो घेतला होता. आणि ह्यांचे गुडघे धरले तेव्हा तो माझ्या गळ्यात आला. शिकवलं कुणी नाही. चुकत गेले, पुसत गेले, पुन्हा काढत गेले. हे गेले, स्टुडिओ बंद झाला, पण कॅमेरा काही मी विकला नाही. त्याच्या मुठीचं रबर आता चिकट झालंय, मागचा पडदा काडेपेटीएवढा, आणि दिवे लागणीनंतर त्याला नीट दिसत नाही. सांजेच्या फोटोत माणसांच्या चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे कण येतात. लागोपाठ चार फोटो काढले की तो दम घेतो, आणि त्याचा दम परत येईतो आपल्यालाही थांबावं लागतं. पण हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल आणि करडईच्या फुलांचा तो पिवळ्यातून केशरात जाणारा रंग त्यानं जसा धरला, तसा अजून कुणी धरलेला मी पाहिला नाही.

तू लहान होतीस तेव्हा आपण सगळे माहूरला गेलो होतो, आठवतं? तुझ्या एका हातात विड्याच्या तांबुलाचा द्रोण होता आणि फ्रॉकभर त्याचे डाग. दर्शन करून उतरताना पायऱ्यांच्या वळणावर वारा सुटला, खालच्या रानातून ओल्या पाचोळ्याचा वास वर आला, आणि मी तुझ्या आज्जी-आजोबांना, म्हणजे माझी थोरली बहीण आक्का आणि भाऊजी यांना, उभं केलं. भाऊजी काठीवर दोन्ही हात ठेवून, पोलीस पाटलासारखे ताठ. आक्का त्यांच्यापासून हातभर लांब. मी बटण दाबलं. आता यातली गंमत तुला सांगते, कारण तुझ्या नव्या कॅमेऱ्यातही ती आहे. या कॅमेऱ्यांच्या पोटात एक आरसा असतो. त्याच्यातूनच आपल्याला समोरचं दिसतं, आणि फोटो निघतो नेमक्या त्याच वेळी तो वर उडतो. डोळ्यापुढं क्षणभर अंधार. म्हणजे जो क्षण फोटोत राहतो, तो काढणाऱ्याला दिसलेलाच नसतो. त्या अंधाराच्या अलीकडे मला भाऊजी काठीवर हात ठेवलेले दिसले, पलीकडेही तसेच दिसले. घरी येऊन पाहते तर फोटोत त्यांनी एक हात काठीवरून उचललेला, आणि वाऱ्यानं उडालेला आक्काचा पदर दोन बोटांत धरलेला. चारचौघांत बायकोकडं मान वळवून न पाहणारा माणूस तो. आक्कानं तो फोटो कितीतरी वेळ पाहिला आणि डाळीच्या डब्यामागं ठेवून दिला. भाऊजी गेल्यावर मात्र ती कुठल्याच फोटोत उभी राहिली नाही. लग्नात सगळे ओळीत उभे राहू लागले की ही पाण्याच्या टाकीकडं तांब्या घेऊन निघालीच.

तुझा नवा कॅमेरा वजनाला हलका, आवाजाला हळू. जुना खटाक् करतो, शेजारच्या अंगणातली चिमणीसुद्धा उडते. हा पाल चुकचुकावी तेवढंच बोलतो. याला देवघरातल्या समईच्या उजेडात दिसतं. याचा पडदा बोटानं सरकतो, चेहरा कुठं आहे तो आपला आपण शोधतो. त्याचा अंधारही जुन्यापेक्षा छोटा, पापणी लवावी एवढाच. सगळं चांगलं आहे, खोटं का बोलू. म्हटलं, आता मुक्ताची फर्माईश पुरी करावी, आणि माघातल्या एका सकाळी त्याला गळ्यात घालून आक्काकडं गेले.

तिला डॉक्टरांनी नांदेडला काय सांगितलं ते तुला तुझ्या बाबानं सांगितलं आहे. हृदय थकलंय, जपायचं, दमवायचं नाही, आणि पुढचं कुणी बोलून दाखवायचं नाही. बाबा म्हणतो नांदेडला चल, ही चाकूरचा उंबरा सोडत नाही. अशा बाईला जाऊन म्हणायचं की एकटी बस, तुझा फोटो काढते. अगं, स्टुडिओत इतकी वर्षं आम्ही काय पाहिलं? म्हातारं माणूस धुतलेले कपडे घालून, पोराच्या हाताला धरून, एकटंच खुर्चीवर बसायला आलं की कुणी काही विचारायचं नाही. तो हाराचा फोटो. घरच्यांना ठाऊक, आम्हाला ठाऊक, आणि बसणाऱ्यालाही ठाऊक. तरी सगळे मिळून बँकेच्या पासबुकासाठी काढतोय असं म्हणायचे.

आक्कानं कॅमेऱ्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मुक्तानं पाठवला का, विचारलं. मी हो म्हटलं. मग तिचं बोलणं आलं, अगदी सावकाश.

“तिला माजा फोटू पायजे. मी न्हाई.”

मी चहा ठेवला. चहा पिऊन तिची कळी जरा खुलली, आणि तिनंच तोड काढली. सुपात नव्या तुरीची डाळ घेतली आणि म्हणाली, हात चालू असताना काढ, नुसतं बसून न्हाई; काम करणाऱ्या बाईला कोण हार घालतंय. तसा काढला. सूप, डाळ, उडणारं फोलपट, आणि वाकलेलं कपाळ. तुला फोनवर पाठवला तो हाच.

मला हौस, की याची मोठी प्रत काढून चौकटीत बसवावी. लातूरला एस.टी.नं गेले, दुकानात फोटो दिला, खाली नाव घाला म्हटलं. दुकानदार मोठा अदबीचा, मावशी मावशी करत होता. चार दिवसांनी पुडकं आणलं आणि हौसेहौसेनं आक्काच्या पुढ्यातच सोडलं. मुक्ते, त्या भल्या माणसानं काय केलं होतं सांगू? म्हातारी बाई, एकटी, पांढरं कपाळ. त्याच्या हाताला जे वळण पडलेलं होतं त्यानं तेच केलं. सूप कापलं, हात कापले, नुसता चेहरा ठेवला. मागं निळं आभाळ घातलं, कोपऱ्यात तेवती ज्योत, नावाआधी ‘कै.’, आणि वरून आपल्या पदरचा म्हणून चंदनाच्या चकत्यांचा एक हार.

ओसरीत तुरीच्या शेंगा वाळत होत्या, त्यांचा तो कोंदट गोडसर वास त्या घडीला मला सोसवेना. आक्कानं चष्मा चढवला. आधी ज्योत पाहिली, मग हाराला बोट लावून वास घेतला, मग बोट नावावर ठेवून एकेक अक्षर वाचलं. आणि हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर; खोकला लागला, मी पाठ चोळली, तरी हसतच.

“बरं झालं गं. मरायचं एक काम उरकलं. आता निवांत जगते.”

मग पदरानं डोळे टिपले, सूप बाजूला सारलं आणि दाराकडं तोंड करून पाटावर बसली. “आता काढ तुजा काय तो. हाताला काम नको.”

मी धावत घरी जाऊन जुना कॅमेराही आणला. त्याची बॅटरी आता जेमतेम पाच-दहा फोटो पुरते. एकदा यानं काढला, एकदा त्यानं. तेच ऊन, तोच पाट, तीच बाई, मांडीवर उताणे ठेवलेले रिकामे हात. इतक्या वर्षांत ते हात नुसते ठेवलेले मी कधी पाहिले नव्हते.

तू विचारलंस ना कोणता बरा, तर ऐक. जुन्यातली आक्का धुक्यापलीकडची आहे. उन्हाची साय तिच्या गालावर धरली आहे, हनुवटीवरचं गोंदण एक हिरवट सावली होऊन गेलंय, आणि डोळे म्हणजे काळ्या पाण्यात एकेक पांढरा ठिपका. त्या फोटोतली बाई अजून माहूरच्या पायऱ्यांवरची असावी, भाऊजी हातभर अंतरावर असावेत, असं वाटतं. जुनं यंत्र आठवणीसारखं पाहतं. जे सोसवेल तेवढंच ठेवतं. नवा कॅमेरा काही सोडत नाही. गोंदणाचे पाच ठिपके मोजून घ्यावेत, त्यातला एक सुरकुतीनं गिळलेला. ओठांच्या कडेची निळसर झाक, जी मला रोज बघून बघून दिसेनाशी झाली होती, ती त्यानं आणून समोर ठेवली. त्या झाकेचा अर्थ तुला सांगायला नको.

रात्रीची भाकरी झाल्यावर मी तो फोटो पडद्यावर मोठा करत गेले, बोटानं सरकवत अगदी तिच्या डोळ्यापर्यंत पोचले. आणि थांबले. बुबुळात आक्काचं अंगण होतं. केवढंसं, तिळाएवढं, पण स्पष्ट. उन्हानं भरलेलं, आणि त्याच्या मागं सताड उघडं दार. अलीकडे एक काळी आकृती, कोपर वर करून उभी, ती मी. मला वाटत होतं आक्का माझ्याकडं बघते आहे. ती माझ्या खांद्यावरून दाराकडं बघत होती. आरसा वर उडाला, माझ्यापुढं अंधार आला, त्या तेवढ्या वेळात ती तिकडं बघून आली असेल. की सगळा वेळ तिकडंच बघत होती, कोण जाणे. दारात कुणी नव्हतं.

तेव्हा कोणता कॅमेरा बरा, याचा निवाडा माझ्यानं होत नाही. दोन्ही कापूर घालून एकाच कपाटात ठेवले आहेत. चंदनाचा हार आक्कानं खुंटीला लावलाय, कपड्यांजवळ असला की कसर लागत नाही म्हणते. चौकट उलटी करून भिंतीशी. आणि सकाळी ऊन आलं की पाट घेऊन ती त्याच जागी बसते, मोकळ्या हातानं, विचारलं तर म्हणते ऊन खाऊन राहिले.

करडई अजून रानात उभी आहे. ती काढायच्या आत ये, बाई. कॅमेरा वगैरे काही आणू नकोस. नुसती त्या दारात येऊन उभी राहा.