मेश्रामांचं झाड

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गल्लीत पेढे वाटून टाकले तेव्हा मी त्या झाडाचं एकही बी पेरलं नव्हतं.

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या एका कॉलेजात बॉटनी शिकवत होते. खाप्याच्या पुढे जंगलातल्या एका नाल्याकडे उतरताना मला एक विचित्र झाड सापडलं. तिथे ऐन, म्हणजे आमच्याकडचा येन, आणि अर्जुन ही नेहमीची झाडं. ऐनाची साल काळी, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. अर्जुनाची पांढरट, गुळगुळीत. या झाडाची खाली भेगाळ आणि वर गुळगुळीत. फळाला दोघांसारखेच पाच पंख, पण पंखांवरच्या रेषा कुणाशीच जुळेनात.

आमचे हेड हरखले. "नवी स्पीशीज आहे मॅडम! तुमचं आडनाव देऊ. मेश्रामी!" नव्या जातीचं वर्णन तेव्हा लॅटिनमध्ये छापावं लागे. सर डिक्शनरी घेऊन लिहायलाच बसले. आणि मी घरी सांगून बसले.

मामाजी मिलमधून रिटायर झालेले. म्हणाले, "सुनबाई, गावात आपलं नाव कोणी धड घेत नव्हतं. आता झाडाले लागून राह्यलं!"

पेपरसाठी रोपाचं चित्र हवं होतं, म्हणून मी फळं फोडली. बहुतेक पोकळ. मला पहिली शंका तिथेच आली. जी भरलेली निघाली ती लॅबमागे डब्यांत पेरली. रोपं एका आईची वाटेनात. एकाची कोवळी पानं ऐनासारखी लवदार, दुसऱ्याची अर्जुनासारखी गुळगुळीत, बाकीची अधलीमधली. स्वतंत्र जातीची रोपं अशी दोन्ही घरांकडे ओढत नाहीत. मग जागा आठवली. वर उतारावर ऐन, खाली पाण्याशी अर्जुन, हे मधोमध. दोघांचा मोहोर थोडे दिवस एकत्र येतो आणि किडे जातपात बघत नाहीत.

"सर, ही नवी जात नाही. हायब्रीड आहे."

"अहो, लॅटिन पूर्ण झालं ना!"

"रोपं बघा."

सरांनी पाहिली. "डबे फेकून द्या. कोण विचारते?"

"कधीतरी कोणी बी पेरेलच. तेव्हा त्या चुकीला नाव मेश्रामांचं असेल."

सरांनी लॅटिनचे कागद कपाटात ढकलले. पेपर गेला नाही.

मामाजींना सांगणं याहून अवघड होतं. मला फार वाईट वाटत होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मले दाखव ते झाड."

रविवारी एसटीने गेलो. त्यांनी ऐन पाहिला, अर्जुन पाहिला, मग या झाडाच्या सालीवरून हात फिरवला.

"याले मायबाप आहेत तर. मंग आपलं नाव काहून लावतं वं? त्याइचंच लाव."

संकराच्या नावाचा नियम नेमका तोच. दोन्ही पालकांची नावं, मध्ये फुली. वाळवलेल्या फांदीच्या लेबलवर मी तसंच लिहिलं. खाली बारीक अक्षरात, गोळा करणारी म्हणून, मेश्राम.

नाव द्यायच्या आधी बी पेरून बघावं, एवढं मी शिकले. पेढ्यांचं म्हणाल, तर गल्लीत कोणी विचारलं की मामाजी ठासून सांगत, "ते येन-अर्जुनाच्या लगनाचे होते!"