चावीची गाडी आणि लिंबू

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. आम्ही दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. खिडकीसमोरून दिवसभर खऱ्या गाड्या धडधडत जायच्या, त्यांचं कुणाला काडीचं कौतुक नव्हतं. कौतुक होतं ते शोकेसमधल्या पत्र्याच्या गाडीचं. लाल इंजिन, मागं दोन डबे, चावी दिली की चालणारी. शिरूरच्या मामानं ती मुंबईहून माझ्यासाठी आणली होती. माझ्यासाठी हं! मी तेव्हा सहा वर्षांची.

वडिलांनी खोक्यावरचं इंग्रजी वाचलं, गाडी परदेशी निघाली, आणि तिला काचेमागं कुलूप लागलं. "ही वस्तू आहे बाई, खेळणं नाही. मोठी झालीस की हिची किंमत कळेल." पाहुणे आले की वडील मला हाक मारायचे. मी हात मागं बांधून सांगायचं, ही माझी गाडी. असा संताप यायचा! मला ती फक्त एकदा, एकदाच चालताना बघायची होती.

खंडेनवमीला लोकोशेडमध्ये इंजिनांची पूजा व्हायची. वडील तिकडं इंजिनाला झेंडूचा हार घालून घरी आले आणि पान्हे-हातोड्यांशेजारी पाटावर ही गाडीही मांडली. हळदकुंकू, फुलं, उदबत्ती, थाट काही विचारू नका. जशी काही संध्याकाळी सोलापूरलाच निघायची होती ती!

वडगाव रासाईहून आबा, म्हणजे वडिलांचे वडील, सणाला आले होते. त्यांनी गाडीला नमस्कार केला आणि विचारलं, "आन् लिंबू कुठं हाय?"

"कसलं लिंबू, आबा?"

"आरं, पूजा केली न्हवं गाडीची? मंग लिंबावरनं न्यायला नगं? सायकलसुदिक नेतोस, मंग हिनं काय घोडं मारलंय?"

वडिलांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पूजा त्यांनीच मांडलेली, आता रीत मोडायची कशी? आणि आबांना नाही कोण म्हणणार? आईनं लिंबू आणून गाडीपुढं ठेवलं.

"दे चावी, पोरी," आबा म्हणाले.

मी करकरून चावी पिळली. गाडी घरघरत निघाली! लिंबावर चढायला गेली आणि धाडकन आडवी झाली. चाकं तशीच फिरत राहिली. इंजिनाला पोचा आला, रंगाचा टवका उडाला.

"गेली! किंमत गेली हिची!" वडील कळवळले.

"चालती की झकास," आबा म्हणाले.

पोचा आलेली गाडी शोकेसमध्ये कशी ठेवणार? लोक काय म्हणतील! त्याच संध्याकाळी ती माझी झाली. स्प्रिंग तुटेपर्यंत मी ती पळवली.

आता माझ्या मुलानं त्याच्या लेकीसाठी तसलीच जुनी गाडी घेतलीय. खोकंसुद्धा उघडलेलं नाही. "आई, तिला हात लावू देऊ नकोस हं. पुढं व्हॅल्यू वाढणार आहे." नात कपाटाच्या काचेला नाक लावून उभी असते.

यंदा खंडेनवमीला त्यानं कार धुऊन पूजेला उभी केली. मी म्हटलं, "घरातल्या सगळ्या गाड्या बाहेर काढ." आणि नातीच्या हातात लिंबू दिलं.