उंबऱ्यावरचा तांब्या

दारावर बांधलेल्या भाताच्या लोंब्या वाऱ्याने हलल्या, की माझं लक्ष आपोआप पायांकडे जातं.

आमच्या कोकणात नवान्न पौर्णिमेला शेतातून चार लोंब्या आणतात आणि आंब्याच्या पानात बांधून दाराला लावतात. पण आणणाऱ्याला तसंच आत घेत नाहीत. आधी उंबऱ्याबाहेर उभं करून त्याच्या पायांवर पाणी घालतात, कुंकू लावतात.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी लोंब्या मी आणल्या. ज्या सासूबाईंसमोर माझा आवाज फुटत नसे, त्या तांब्या घेऊन माझ्या चिखलाच्या पायांशी वाकल्या. मी घाबरून पाय मागे घेतला.

"हलू नको," त्या म्हणाल्या. "आज हे पाय तुझे नव्हेत. भात चालत आलाय."

रोज ताटात पडणारा भात कुणाच्या तरी पायांनी घरी येतो, हे तोवर मला सुचलंच नव्हतं. सणाचा अर्थ पोथीत काय असेल तो असो, मला तो त्या गार पाण्यात कळला.

यंदा गुडघे दुखत असूनही सासूबाई हट्टाने शेतात गेल्या. तांब्या माझ्या हातात होता. त्यांच्या टाचांच्या भेगांत माती बसली होती, किती वर्षांची कोण जाणे. मी पाणी घालत राहिले, अंगठ्याने चोळत राहिले. निघेचना.

लोंब्या छातीशी धरून त्या वरून बघत होत्या.

"पुरे गो," त्या म्हणाल्या. "ती राहूंदे. तीपण घरातलीच."